सगळ्यांची अंडीपिल्ली ठाऊक असलेला माणूस

इंग्रजी मालिका मराठी उपशीर्षकं लावून पाहणाऱ्यांना असा प्रसंग कधी ना कधी गाठतोच. वकिलाच्या कचेरीत दोन भागीदार बोलत असतात. विषय असतो निवृत्तीला आलेल्या जुन्या कारकुनाचा. त्याला आत्ताच घरी पाठवावं की आणखी वर्षभर ठेवून घ्यावं? एक जण आवाज खाली आणून म्हणतो, "ही नोज व्हेअर द बॉडीज आर बेरीड." पडद्याच्या तळाशी ओळ उमटते : मृतदेह कुठे पुरलेत हे त्याला माहीत आहे. आपण सावरून बसतो. खून कधी झाला? मागच्या भागात डुलकी लागली होती की काय? मग पुढचे भाग मढं निघण्याची वाट बघण्यात जातात आणि ते काही निघत नाही, कारण कुणी मेलेलंच नसतं. कारकुनाला ठाऊक असतात त्या जुन्या फायली, मागची तारीख टाकून केलेले करार आणि कुठल्या अशिलाचे पैसे कुठून कुठे फिरले त्याच्या नोंदी.

हा वाक्प्रचार इंग्रजीत चांगलाच रुळलेला आहे. राजकारणावरची सदरं, कंपन्यांमधल्या उलथापालथीच्या बातम्या, चित्रपट, ऑफिसातल्या गप्पा, सगळीकडे तो भेटतो. मराठी माणसाची त्याच्याशी गाठ पडते ती वाचताना, भाषांतर करताना, स्पर्धा परीक्षेच्या पेपरात आणि हल्ली परदेशी सहकाऱ्यांबरोबरच्या कॉलवर. छोट्या कोशात त्याचा अर्थ एका ओळीत मिळतो : गुपितं ठाऊक असणे. ही ओळ अपुरी आहे आणि पुढच्या चुका बहुतेक तिच्यातूनच निघतात. गुपित तर आईच्या साठीच्या समारंभाचंही असतं. ते ठाऊक असलेल्या भाचीला कुणी असं म्हणणार नाही.

या वाक्प्रचारात अभिप्रेत असतात त्या दडपलेल्या भानगडी. बाहेर आल्या तर कुणाची खुर्ची, अब्रू किंवा धंदा जाईल अशा. त्या ज्याला ठाऊक आहेत तो आतला माणूस असतो. तो तिथे राबला, त्याने फायली हाताळल्या, दारं लावून झालेल्या बैठकांना चहा पाठवला. आणि यातूनच तिसरी गोष्ट येते, जी मला या वाक्प्रचाराचा गाभा वाटते : त्याला हात लावायला लोक कचरतात. तो बोलेलच असं नाही. बहुधा तो बोलत नाही. पण बोलू शकतो, एवढ्यावर त्याची नोकरी टिकते, बढती होते, नको त्या वयापर्यंत खुर्ची राहते. म्हणजे माहितीपेक्षा त्या माहितीचा धाक इथे महत्त्वाचा. इंग्रजी वाचताना हा वाक्प्रचार आला की "याला काय माहीत आहे?" यापेक्षा "याला कोण घाबरतंय?" असं स्वतःला विचारा. बहुतेक वेळा परिच्छेदाचा अर्थ तिथे उलगडतो.

'सिटिझन केन' हा ऑर्सन वेल्सचा 1941 सालचा चित्रपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी हा वाक्प्रचार ऐकलेला आहे. वृत्तपत्रसम्राट केन मरतो, मरताना 'रोझबड' एवढा एकच शब्द उच्चारतो आणि थॉम्प्सन नावाचा बातमीदार त्या शब्दाचा अर्थ शोधत केनच्या जवळच्या माणसांची दारं ठोठावत हिंडतो. अटलांटिक सिटीतल्या एका नाइटक्लबात त्याला सूझन भेटते; केनला सोडून गेलेली त्याची दुसरी बायको. तिला स्वतःला त्या शब्दाबद्दल काही सांगता येत नाही. ती थॉम्प्सनला केनच्या महालातल्या रेमंड या बटलरकडे पाठवते आणि पाठवताना त्या बटलरविषयी हाच वाक्प्रचार वापरते. रेमंड आधी पैशाची बोली करतो, हजार डॉलरची. मग जे सांगतो त्यात हजार डॉलरचं काही नसतं. रोझबड म्हणजे काय, हे त्यालाही ठाऊक नसतं.

हा छोटा प्रसंग बारकाईने पाहण्यासारखा आहे. घरातल्या नोकराला सगळं ठाऊक असणार, असं सूझन धरून चालते. नोकरही तसा आव आणतो आणि त्या आवाची किंमत लावतो. प्रत्यक्षात त्याच्या गाठीला असतं थोडंच. वापरताना हे ध्यानात ठेवावं : हा वाक्प्रचार एखाद्याच्या दबदब्याचं वर्णन करतो, त्याच्या माहितीची हमी देत नाही. एखाद्या वर्तमानपत्राने कुणाबद्दल तसं लिहिलं म्हणजे त्या माणसाकडे पुरावे आहेत असं समजून पुढे लिहू नये.

कल्पित पात्रं सोडून इतिहासातला माणूस हवा असेल तर जे. एडगर हूवरकडे वळावं. अमेरिकेच्या तपास खात्याची, म्हणजे पुढे जी एफबीआय झाली त्या संस्थेची सूत्रं त्याच्या हाती आली 1924 साली आणि सुटली 2 मे 1972 रोजी, तो मेला तेव्हा. कूलिजपासून निक्सनपर्यंत आठ राष्ट्राध्यक्ष त्याने पाहिले. त्याच्या कार्यालयात नेहमीच्या दप्तराबाहेर ठेवलेल्या वेगळ्या फायली होत्या. त्यांत राजकारण्यांच्या खाजगी आयुष्यातली माहिती जमा होत असे. जॉन केनेडी तरुण नौदल अधिकारी असताना, 1942 च्या सुमारास, इंगा अर्वाद या डॅनिश पत्रकार बाईंशी त्यांचे संबंध होते. या बाई जर्मनीच्या हेर असाव्यात असा संशय असल्याने एफबीआय त्यांचं बोलणं चोरून ऐकत होती; त्या टिपणांत केनेडीही सापडले. पुढे 1960 ची निवडणूक जिंकल्यावर केनेडींनी जे अगदी पहिले निर्णय जाहीर केले त्यांत हूवरला कायम ठेवण्याचा निर्णय होता. त्याची कारणं एकाहून जास्त असू शकतात, हूवर तेव्हा लोकप्रियही होता. तरी वॉशिंग्टनमध्ये लोक जे समजायचे ते समजले. 1964 साली लिंडन जॉन्सनने त्याला सत्तरीला निवृत्त होण्याच्या सक्तीतून सूट दिली.

हूवरविषयी लिहिताना हा वाक्प्रचार अगदी बेतून शिवल्यासारखा बसतो. पण त्याहून जास्त तो ज्या व्यक्तीला बसतो ती पडद्याआडची आहे. हेलन गँडी. ती न्याय खात्यात 1918 साली फायली लावणारी कारकून म्हणून लागली, लवकरच हूवरची सचिव झाली आणि त्याच्या मरणापर्यंत तीच सचिव राहिली. हूवर गेल्यावर हंगामी संचालक म्हणून आलेल्या पॅट्रिक ग्रेने पत्रकारांना सांगून टाकलं की गुप्त फायली वगैरे काही नाहीत. इकडे गँडीबाई हूवरच्या 'खाजगी' फायली निवडत बसल्या होत्या. त्या फायली त्यांनी हूवरच्या घरी हलवल्या आणि पुढच्या आठवड्यांत नष्ट केल्या. 'कार्यालयीन आणि गोपनीय' असा शिक्का असलेल्या फायलींची खोकी मात्र त्यांनी मार्क फेल्ट या बड्या अधिकाऱ्याच्या हवाली केली. 1975 साली अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे त्यांची साक्ष झाली. नष्ट केलेल्या कागदांत निव्वळ वैयक्तिक पत्रव्यवहार होता, असं त्यांनी सांगितलं. समितीतल्या सगळ्यांना ते पटलं नाही, पण आता कागदच नव्हते. अर्धशतकाहून जास्त काळ सगळं पाहिलेली ही बाई काहीही न सांगता 1988 साली गेली.

आणि तो फेल्ट? वॉटरगेट प्रकरणात 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या बातमीदारांना आतली वाट दाखवणारा 'डीप थ्रोट' तोच होता, हे त्याने स्वतः 2005 साली उघड केलं. गँडीने तोंड मिटून ठेवलं, फेल्टने अंधाऱ्या पार्किंगमध्ये उभं राहून ते थोडंथोडं उघडलं. आपला वाक्प्रचार दोघांनाही लागू पडतो, मात्र फेल्टला लावायचा तर तो बोलायला लागण्याच्या आधीच्या काळाचा. कारण माणूस बोलला की त्याच्यासाठी इंग्रजीत दुसरे शब्द येतात : स्रोत, साक्षीदार, 'व्हिसलब्लोअर', ज्याला आपण मराठीत जागल्या म्हणतो. पुरलेलं जोवर पुरलेलं आहे तोवरच याची मिजास.

आता वाक्यात बसवण्याचं काम. उच्चारापासून सुरुवात करू, कारण आपल्याकडे शेवटचा शब्द बहुतेक जण चुकवतात. तो 'बरीड' नाही आणि 'ब्युरीड' तर नाहीच. इंग्रजीत तो 'बेरी' या फळासारखा उच्चारतात : बेरीड. 'बॉडीज' नेहमी अनेकवचनी. 'डेड बॉडीज' म्हणू नये. 'डेड' घातलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शवागार येतं. 'हिडन' किंवा 'केप्ट' घालून स्वतःची नवी आवृत्ती काढू नये, वाक्प्रचार होता तसा राहू द्यावा. 'द' गाळू नये. भर द्यायचा असेल तर 'ऑल द बॉडीज' म्हणतात आणि ते खूप चालतं. काळ बदलला की दोन्ही क्रियापदं बदलतात : 'ही न्यू व्हेअर द बॉडीज वेअर बेरीड.' पहिलं भूतकाळात आणि दुसरं वर्तमानकाळात ठेवण्याची चूक विद्यार्थ्यांच्या वह्यांत हमखास सापडते. 'नो' हे क्रियापद चालू काळात येत नाही, म्हणून 'ही इज नोइंग' म्हणू नका. हे सांगावं लागतं, कारण मराठीतून 'त्याला माहीत असतं'चं भाषांतर करताना ते आपोआप येतं. स्थळ सांगायचं असेल तर शेवटी जोडा : कंपनीत, मंत्रालयात, पक्षात. मात्र कुणाची मढी, हे षष्ठीने सांगायची सवय मराठीची. इंग्रजीत 'हिज बॉडीज' म्हटलं तर ते विनोदी वाटतं.

हे कुणाविषयी म्हणायचं, याला व्याकरणाहून जास्त महत्त्व आहे. साधारणपणे ते तिसऱ्या माणसाविषयी आणि त्याच्या पाठीमागे म्हणतात. जुना सचिव, खजिनदार, पंतप्रधानांचा स्वीय सहायक, मालकाचा ड्रायव्हर, घराण्याचा वकील. ब्रिटनमध्ये पक्षप्रतोदांविषयी तर हे फारच ऐकू येतं, कारण खासदारांच्या अडचणी, कर्जं, लफडी यांची खबर ठेवणं हा त्या कार्यालयाचा जुना लौकिक. मायकल डॉब्सची 'हाउस ऑफ कार्ड्‌स' ही 1989 सालची कादंबरी याच लौकिकावर उभी आहे : तिचा नायक, किंवा खलनायक म्हणा, सत्ताधारी पक्षाचा मुख्य प्रतोद आहे. अशा तिऱ्हाइताविषयी बोलताना स्वरात थोडी भीती असते, थोडं कौतुक असतं आणि बहुधा हसूही असतं.

तेच तुम्ही स्वतःविषयी म्हणालात की वाक्याचा नूर पालटतो. 'आय नो व्हेअर द बॉडीज आर बेरीड' असं नोकरी जाण्याच्या वाटेवर असलेला माणूस साहेबाला म्हणतो, तेव्हा ती उघड धमकी असते. मित्रांच्या टोळक्यात ते थट्टेत खपून जातं : कॉलेजच्या काळातल्या सगळ्या उचापती मला माहीत आहेत, तेव्हा लग्नात भाषण कोण करणार ते जपून ठरव, या चालीवर. पण ईमेलमध्ये, विशेषतः मनुष्यबळ विभागाला किंवा वरिष्ठांना लिहिलेल्या ईमेलमध्ये, ते कधीही लिहू नका. लेखी इंग्रजीत हसू दिसत नाही. उद्या वाद झाला तर ते वाक्य तुमच्याविरुद्ध वाचून दाखवलं जाईल आणि तुम्ही ते गमतीने लिहिलं होतं हे सिद्ध करत बसाल.

निवृत्तीच्या कार्डावर ते लिहावं का? एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याविषयी आपुलकीने लिहितात खरं, इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे असे लोक सर्रास लिहितात. माझं मत विचाराल तर ज्या माणसाच्या हाताखालून पैसा गेला आहे, म्हणजे लेखापाल, खरेदी अधिकारी, भांडारपाल, त्याच्या कार्डावर लिहू नये. कौतुकाच्या आडून आपण चोरीची कुजबुज केल्यासारखं होतं. ग्रंथपालाच्या कार्डावर खुशाल लिहा.

शिफारसपत्र, अहवाल, न्यायालयीन मजकूर, शोकसभेतलं भाषण, या ठिकाणी हा वाक्प्रचार वर्ज्य. खून किंवा बेपत्ता माणसाची बातमी असेल तिथेही. जिमी हॉफा हा अमेरिकेतला ट्रकचालकांच्या संघटनेचा पुढारी 1975 साली गायब झाला. त्याचं प्रेत आजवर मिळालेलं नाही. त्याच्याविषयी लिहिताना 'अमुक गुंडाला सगळं ठाऊक होतं' हे या वाक्प्रचारात सांगितलं तर वाचणाऱ्याला कळतच नाही की लेखक अलंकार वापरतोय की फावडं. काही मथळेकार मुद्दाम असा दुहेरी अर्थ साधतात. ते त्यांच्यावर सोडावं.

मराठीत आणताना काय करावं? सगळ्यात जवळचा शब्द आपल्याकडे तयार आहे : अंडीपिल्ली. 'त्याला साहेबांची सगळी अंडीपिल्ली ठाऊक आहेत' असं म्हटलं की आतला माणूस, लपवलेल्या भानगडी आणि साहेबाची अडचण, हे सगळं येतं. मढी राहिली नाहीत तरी बिघडलं नाही. उपशीर्षकांना जागा कमी असते, तिथे 'त्याला सगळ्यांची अंडीपिल्ली माहीत आहेत' ही ओळ सहज मावते. जरा अधिक बोचरं हवं असेल तर कुलंगडी. 'आतल्या गोटातला माणूस' मात्र पुरेसं नाही. गोटातला माणूस बातमी आणतो, त्याला कुणी घाबरेलच असं नाही. गंभीर लेखात अंडीपिल्ली शोभत नसतील तर सरळ दोन वाक्यांत सांगावं : खात्यातले जुने गैरव्यवहार त्याला खडान्‌खडा माहीत होते, त्यामुळे त्याची बदली करायला कुणी धजत नव्हतं. दुसरं वाक्य विसरू नये. तेच खरं भाषांतर आहे.

एक फसवा शेजारी सांभाळा. मराठीत 'जुनी मढी उकरून काढणे' आहे आणि मढी म्हटल्यावर भाषांतर करणाऱ्याचा हात तिकडे जातो. पण आपलं मढी उकरणं म्हणजे मिटलेला विषय नको तेव्हा पुन्हा काढणं. ते कुणीही करतं. भाऊबंदकीत तर रोज चालतं, आणि बहुतेक वेळा सगळ्यांना ठाऊक असलेल्याच गोष्टी उकरल्या जातात. त्यात गुपित नाही, धाक नाही, आहे ती कटकट. इंग्रजी वाक्प्रचारातला माणूस उकरत नाही. त्याला जागा माहीत आहे आणि तो शांत बसला आहे.

उलट्या दिशेने, म्हणजे मराठीतून इंग्रजीत जाताना हा वाक्प्रचार फार उपयोगी पडतो आणि त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. महाराष्ट्राच्या राजकारणात 'यांच्या कुंडल्या माझ्याकडे आहेत, मला तोंड उघडायला लावू नका' हे वाक्य व्यासपीठावरून किती वेळा म्हटलं गेलं असेल याला गणती नाही. ते इंग्रजी बातमीत नेताना पत्रिकेसाठीचा शब्द घातला तर लंडनच्या वाचकाला वाटेल की पुढारी ज्योतिषी आहे. इथे 'आय नो व्हेअर ऑल देअर बॉडीज आर बेरीड' असं लिहिणाऱ्याला मी दोष देणार नाही. मघाशी षष्ठी वापरू नका म्हटलं खरं, पण 'देअर' इथे विरोधकांकडे बोट दाखवण्यासाठी हवा. फरक एवढाच की मराठी पुढारी हे ध्वनिक्षेपकावर सांगतो, तर इंग्रजीत ही गोष्ट सहसा दुसरा कुणीतरी कुजबुजतो. म्हणून बातमीत 'असा इशारा दिला' हे सोबत हवंच.

सख्ख्या-चुलत वाक्प्रचारांशी होणारी गल्लत आता पटकन आवरू. 'स्केलिटन इन द कबर्ड', अमेरिकेत 'इन द क्लॉझिट', म्हणजे कपाटातला सांगाडा. तो ज्याचा त्याचा असतो : घराण्याची, स्वतःची लपवलेली लाज. सांगाडा असतो मालकाकडे, मढ्यांची जागा ठाऊक असते नोकराला. दोन्ही एकाच वाक्यात वापरून पाहा, फरक पक्का होईल : मंत्रीमहोदयांच्या कपाटात सांगाडे आहेत आणि त्यांच्या सचिवाला मढी कुठे आहेत ते माहीत आहे. 'स्मोकिंग गन' हा हाती आलेला पुरावा. निक्सन ज्या ध्वनिफितीमुळे शेवटी घसरला ती 23 जून 1972 च्या संभाषणाची फीत ऑगस्ट 1974 मध्ये बाहेर आली आणि तिला आजही याच नावाने ओळखतात. मढ्यांची जागा माहीत असणं ही त्याच्या आधीची पायरी. पुरावा कुठे आहे ते ठाऊक, पण तो अजून टेबलावर आलेला नाही.

'डिग अप डर्ट' म्हणजे एखाद्याविरुद्ध भानगडी शोधून काढणं. हे काम बाहेरच्या माणसाचं, निवडणुकीच्या तोंडावर भाड्याने घेतलेल्या माणसाचं. 'स्पिल द बीन्स' आणि 'लेट द कॅट आउट ऑफ द बॅग' ही दोन्ही गुपित फुटण्याची क्रिया सांगतात. मांजर बहुधा चुकून, बोलण्याच्या भरात पिशवीबाहेर पडतं आणि नुकसान सहसा हलकं असतं. बीन्स मात्र दबावाखाली किंवा ठरवूनही सांडतात. 'अ लिटल बर्ड टोल्ड मी' ही खबर कुणी दिली ते न सांगण्याची लाडिक पद्धत. पक्ष्याने गुपित नेण्याची ही कल्पना बायबलच्या जुन्या करारात, उपदेशक या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात सापडते. तिथे ती राजाविरुद्ध मनातसुद्धा वाईट बोलू नकोस असं बजावण्यासाठी येते, लाडिक मुळीच नाही. 'ग्रेपव्हाइन' ही कर्णोपकर्णी आलेली बातमी, खरी असेल नसेल. आणि 'नो द रोप्स'? शिडाच्या जहाजांवरच्या दोरखंडांवरून आलेला, कामाची माहितगारी सांगणारा हा वाक्प्रचार गुपिताच्या रांगेत बसतच नाही. परीक्षेच्या पर्यायांत तो 'बॉडीज'च्या शेजारी ठेवतात म्हणून इथे नाव घेतलं. पर्याय निवडताना ज्या पर्यायात इतरांना लपवायची असलेली, अडचणीची माहिती असा उल्लेख आहे तो घ्या. 'खुनाचा साक्षीदार असणे' हा पर्याय तुम्हाला पाडण्यासाठी ठेवलेला असतो.

राहता राहिला या वाक्प्रचाराचा सौम्य झालेला, हल्लीचा वापर. सॉफ्टवेअरच्या जगात तो सर्रास चालतो. पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेला कोड, त्यात घाईघाईत लावलेली ठिगळं, कुठल्याशा ग्राहकाच्या हट्टापायी घातलेली विचित्र अट, ती काढली की महिनाअखेरचं बिलिंग बंद पडतं हे फक्त एकीला माहीत. तिच्याविषयी अमेरिकेतला व्यवस्थापक म्हणतो, "शी नोज व्हेअर ऑल द बॉडीज आर बेरीड." हिंजवडीतल्या टेबलावर बसून हे ऐकणाऱ्याने दचकायचं कारण नाही. इथे चोरीमारी नाही. जुन्या चुका आणि जुन्या तडजोडी हीच ती मढी. धाक पुरता गेलेला नाही बरं का. या बाईंनी राजीनामा दिला तर काय, ही धास्ती त्या कौतुकाच्या तळाशी असतेच, आणि पगारवाढीच्या बोलणीत ती बाईंच्या बाजूने उभी राहते.

कॉलवर कुणी तुमचीच अशी ओळख करून दिली, तर ती दाद समजा. खुलासे करत बसू नका. 'आमच्या प्रकल्पात तसं काही नाही' असं गंभीरपणे सांगणारे लोक पाहिले आहेत, त्यावर पलीकडे एकदम शांतता पसरते. ग्राहक समोर असेल तर नुसतं हसावं आणि कामाचं बोलायला लागावं. आपलीच माणसं असतील तर इंग्रज माणूस देतो तसं उत्तर देऊन पाहा : "मोस्ट ऑफ देम वेअर देअर बिफोर आय जॉइन्ड." बहुतेक मढी मी रुजू होण्याच्या आधीचीच आहेत.